डोळा निरोगी आहे, मग दिसत का नाही? आळशी डोळा, पट्टी आणि मेंदूचं वय

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी साडेसहा वर्षांची. शाळेच्या तपासणीत उजवा डोळा उत्तम आणि डाव्याला कमी दिसतं असं निघालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ड्रॉप टाकून नंबर काढला: उजव्याला अधिक अर्धा, डाव्याला अधिक साडेचार. चष्मा लावूनही डावा डोळा ६/२४ च्या पुढे जात नाही, म्हणजे निरोगी नजरेला चोवीस मीटरवरून वाचता येतं ते त्याला सहा मीटरवर यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, "डोळ्यात काहीच दोष नाही, मेंदू या डोळ्याने बघायला शिकलेला नाही." चष्मा आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी असा उपाय सांगितला. घरी सासूबाईंचं म्हणणं, पोरीला कशाला त्रास, मोठी झाली की लेसर करून टाकू. आईला जाणून घ्यायचं आहे की हे मेंदूचं प्रकरण खरं आहे का, साडेसहा म्हणजे उशीर झाला का, आणि पाच महिन्यांच्या धाकट्या भावासाठी आत्ताच काय करावं.

आधी उत्तरं सांगते, कारणं मागाहून. डॉक्टर म्हणाले ते अक्षरशः खरं आहे. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. आणि लेसरने हे सुधारणार नाही, अठराव्या वर्षी नाही आणि पंचविसाव्या वर्षीही नाही. लेसर बुबुळाचा आकार बदलून चष्म्याचा नंबर घालवतो. तुमच्या मुलीला नंबराचा योग्य चष्मा लावून आजच स्वच्छ प्रतिमा मिळते आहे, तरीही तिला तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता येत नाहीत. म्हणजे अडचण प्रतिमेत उरलेली नाही, ती प्रतिमा वाचणाऱ्या मेंदूत आहे. यालाच आळशी डोळा म्हणतात. मोठेपणी लेसर केला तर बिनचष्म्याची ६/२४ नजर मिळेल, इतकंच. लहानपणी हातातून गेलेली जन्माष्टमीची दहीहंडी पुढच्या वर्षी फोडता येते, नजरेचं तसं नसतं. म्हणून सासूबाईंना हे शांतपणे, पण ठामपणे सांगा.

आता डाव्या डोळ्याचं नेमकं काय झालं ते बघू. अधिक नंबराच्या डोळ्याला लांबचं बघायलाही जोर लावून फोकस करावा लागतो. लहान मुलांमध्ये ती ताकद भरपूर असते, म्हणून अधिक दोन-अडीचचं मूलही चष्म्याशिवाय बरं बघतं. पण फोकस करण्याचा हुकूम दोन्ही डोळ्यांना एकच जातो. एका डोळ्याने अर्धा नंबराइतका जोर लावायचा आणि दुसऱ्याने साडेचारइतका, असं शरीराला करता येत नाही. तुमची मुलगी उजव्या डोळ्याला स्वच्छ दिसेल इतकाच जोर लावत आली, कारण त्यात कष्ट कमी. डावा डोळा त्यामुळे जन्मापासून, जवळचं असो की लांबचं, कधीच स्पष्ट बघू शकला नाही. एका डोळ्याला उणे तीन असलेलं मूल तुलनेने सुदैवी असतं, कारण त्या डोळ्याला निदान हातातलं पुस्तक तरी स्वच्छ दिसतं आणि मेंदूला थोडा का होईना सराव मिळतो. अधिक नंबरात तीही सोय नाही. आणि बाहेरून काही कळत नाही. डोळा तिरळा नाही, लाल नाही, मूल तक्रार करत नाही, कारण एका डोळ्याने धूसर दिसणं हेच तिचं नेहमीचं जग आहे. तुमच्या लक्षात आलं नाही यात तुमचा दोष नाही. साधारण शंभरात दोन-तीन मुलांना आळशी डोळा असतो आणि त्यातले कितीतरी असेच शाळेत पहिल्यांदा सापडतात.

मेंदूचा भाग मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो कळला की पट्टी कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही.

१९५८ च्या सुमारास डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोघे अमेरिकेत मांजरांच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे विद्युत संदेश टिपत होते. डोक्याच्या मागच्या बाजूला जो दृष्टीचा भाग आहे, तिथल्या पेशी प्रकाशाच्या नुसत्या ठिपक्याला दाद देईनात. एकदा प्रोजेक्टरमध्ये काच सरकवताना काचेच्या कडेची रेघ पडद्यावरून गेली आणि पेशी धडाधड बोलू लागली. तिला ठिपका नको होता, विशिष्ट कोनातली रेघ हवी होती. दृष्टीचा मेंदू चित्राचे असे तुकडे करून वाचतो, ही समज तिथून सुरू झाली.

नंतर त्यांनी दुसरा प्रश्न घेतला: हे कसब जन्मजात की कमावलेलं? काही आठवड्यांच्या मांजरीच्या पिल्लाची एकच पापणी त्यांनी शिवून बंद केली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली. डोळा आतून ठणठणीत होता. बाहुली प्रकाशाला आकसत होती, डोळ्याच्या आतला पडदा संदेश पाठवत होता. पण मेंदूत त्या डोळ्याला ओळख देणारी पेशी जवळजवळ उरली नव्हती. पिल्लू त्या डोळ्याने आंधळं होतं. हाच प्रयोग मोठ्या मांजरावर केला, पापणी कितीतरी जास्त काळ बंद ठेवली, तर काहीही बिघडलं नाही. म्हणजे डोळा बंद राहणं हे एकट्याने कारण नव्हे. कोणत्या वयात बंद राहिला, ते कारण. पिल्लांमध्ये हा नाजूक काळ साधारण चौथ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंतचा निघाला आणि त्याच्या ऐन भरात तर पापणी थोडेच दिवस बंद राहिली तरी परिणाम दिसला. १९८१ साली दोघांना नोबेल मिळालं (त्या वर्षीचं तिसरं नाव रॉजर स्पेरी यांचं).

या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग मात्र फारसा सांगितला जात नाही. त्यांनी काही पिल्लांच्या दोन्ही पापण्या बंद केल्या. एक बंद केल्यावर इतका विध्वंस, तर दोन्ही बंद केल्यावर मेंदूत काहीच उरणार नाही असं कुणालाही वाटेल. झालं उलट. बऱ्याच पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देत राहिल्या. त्या निरोगी नव्हत्या, पण एका डोळ्याच्या प्रयोगात दिसला तसा सफाया झाला नव्हता. याचा अर्थ असा की बंद डोळ्याची जागा नुसत्या न वापरण्याने गेली नव्हती, ती उघड्या डोळ्याने घेतली होती.

मेंदूच्या या भागात दोन डोळ्यांकडून येणारे धागे शेजारी शेजारी पट्ट्यांमध्ये उतरतात. माकडात ही एकेक पट्टी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. ढोबळ आखणी जन्माआधीच होते. गर्भात, प्रकाश नसतानाच, पडद्यावर आपोआप उठणाऱ्या विद्युत लाटा ती करतात. पण शेवटची वाटणी जन्मानंतर आणि वापरावर ठरते. नियम एकच, कसेल त्याची जमीन. ज्या डोळ्याकडून स्पष्ट, एकसंध संदेश येतात त्याचे धागे फुटतात, पसरतात, पेशींना घट्ट धरतात. ज्याच्याकडून धूसर संदेश येतात त्याचे धागे मागे हटतात. तुमच्या मुलीच्या डाव्या डोळ्यावर कुणी पापणी शिवलेली नव्हती, पण साडेचार नंबरचा धूसरपणा सहा वर्षं चालू होता आणि शेजारी उजवा डोळा उत्तम काम करत होता. बरोबरीचा सामना नव्हता.

म्हणूनच दोन्ही डोळ्यांना अधिक साडेचार असलेली मुलं चष्मा मिळाल्यावर बहुतेकदा छान सुधारतात, आणि एकाच डोळ्याला असलेली मागे राहतात. मेंदूला दोन डोळ्यांतली तफावत जास्त महागात पडते.

पट्टीचं कारण आता उघड आहे. तो डोळ्याचा व्यायाम नाही, स्नायू बळकट करणं नाही. चांगल्या डोळ्याला दिवसातले काही तास स्पर्धेतून बाजूला ठेवायचं, म्हणजे तेवढा वेळ मेंदूला डाव्याचंच ऐकावं लागतं. चष्म्याशिवाय लावलेली पट्टी निम्मी वाया जाते, कारण मग मेंदूला सरावाला पुन्हा तेच धूसर चित्र मिळतं. आधी चष्मा, त्यावर पट्टी, हा क्रम पाळा. खरं तर पहिले १६ ते १८ आठवडे फक्त चष्म्यानेच नजर वाढत जाते. नंबरातल्या तफावतीमुळे आळशी झालेल्या डोळ्यांपैकी चौथा हिस्सा केवळ चष्म्यावर पूर्ण सुधारलेला आहे. तुमच्या डॉक्टरांनी वयाकडे बघून दोन्ही एकदम सुरू केलं असेल, तर तेही योग्यच.

आता वयाकडे येते. "सात वर्षांनंतर काही होत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलं असणार. ते अर्धसत्य आहे आणि त्याने फार नुकसान केलं आहे. उशिरा सापडलेल्या मुलांना उपचारच दिले जात नाहीत. मुळात दृष्टीची मुदत एक नाही. नजरेची तीक्ष्णता, दोन डोळ्यांनी मिळून खोली कळणं, चेहरे ओळखणं, हलणाऱ्या वस्तूचा वेध घेणं, प्रत्येकाचा घडण्याचा काळ वेगळा आणि बिघडण्याचा काळही वेगळा.

नवजात बाळाची नजर मोठ्या माणसाच्या तीस-चाळीस पट कमी असते. वीस-तीस सेंटिमीटरवरचा, म्हणजे दूध पिताना दिसतो तेवढ्या अंतरावरचा आईचा चेहरा त्याला कळतो, बाकी सगळं धूसर. दोन डोळ्यांची चित्रं जुळवून खोली कळणं तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात सुरू होतं. दृष्टीच्या भागातले पेशींमधले जोड आठ महिन्यांच्या सुमारास सर्वाधिक असतात. मग छाटणी सुरू होते आणि दहा-अकरा वर्षांपर्यंत त्यातले सुमारे चाळीस टक्के जातात. कोणते राहतात आणि कोणते जातात, ते वापरावर ठरतं.

कॅनडात डॅफ्नी मॉरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शस्त्रक्रियेनंतर लेन्स लावून बाळ पहिल्यांदा बघू लागलं की त्याची नजर नवजात बाळाइतकीच असते, मग बाळ चार महिन्यांचं का असेना. पण अवघ्या एका तासाच्या बघण्याने ती मोजता येईल इतकी सुधारते. एक तास! वाट बघत बसलेला मेंदू किती आतुर असतो ते यावरून कळावं. हे झालं आशेचं. दुसरी बाजू अशी की दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया झालेली हीच मुलं नऊ वर्षांची किंवा त्याहून मोठी झाल्यावर तपासली, तर चेहऱ्यातल्या एका सूक्ष्म गोष्टीत ती चुकत होती. डोळे किंवा तोंड बदललं तर ओळखायची. पण तेच डोळे आणि तेच तोंड ठेवून त्यांच्यातलं अंतर किंचित बदललं, तर फरक कळायचा नाही. चेहरे ओळखण्याचं हे कौशल्य पूर्ण व्हायला वर्षं लागतात, तरी त्याचा पाया पहिल्या काही महिन्यांत पडतो आणि ते महिने हुकले तर पुढच्या नऊ वर्षांच्या बघण्यानेही भरून आलं नाही. आणखी तपासल्यावर दिसलं की फक्त डाव्या डोळ्याला मोतीबिंदू असलेल्या मुलांमध्येही ही उणीव राहते, उजव्याचा असेल तर नाही. तान्ह्या वयात डाव्या डोळ्याचे संदेश मुख्यतः मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे जातात आणि चेहऱ्यांचं हे काम तोच अर्धा शिकतो.

तुमच्या मुलीची गोष्ट यापेक्षा खूप सौम्य आहे हे लक्षात असू द्या. तिचा उजवा डोळा पहिल्या दिवसापासून चांगला बघतो आहे, चेहरे, अक्षरं, रंग सगळं तिच्या मेंदूने शिकून घेतलं आहे. तिचं घोडं फक्त डाव्या डोळ्याच्या तीक्ष्णतेवर आणि दोन डोळ्यांच्या जुळवणीवर अडलं आहे.

आणि उशीर म्हणजे शेवट नव्हे, याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. पवन सिन्हा हे अमेरिकेतल्या एमआयटीत मेंदूविज्ञान शिकवतात. त्यांनी दिल्लीत प्रोजेक्ट प्रकाश सुरू केला. उत्तर भारतातल्या खेड्यापाड्यांतून जन्मांध मुलं शोधायची, ज्यांचा मोतीबिंदू केवळ पैशाअभावी आणि माहितीअभावी तसाच राहिला होता, त्यांची शस्त्रक्रिया करायची आणि मग ती बघायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा. त्यांनी एक तीनशे वर्षं जुना प्रश्न प्रत्यक्ष तपासला. १६८८ साली आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना लिहून विचारलं होतं की जन्मांध माणसाला स्पर्शाने गोल आणि चौकोनी ओळखता येतात. त्याला अचानक दिसू लागलं तर नुसतं बघून तो ते ओळखेल का? २०११ साली आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांवर उत्तर मिळालं. शस्त्रक्रियेनंतर लगेच, बघितलेला ठोकळा बघून जुळवणं त्यांना जमत होतं, हाताळलेला हाताळून जुळवणं तर अगदी अचूक. पण हाताळलेला ठोकळा बघून ओळखताना ती अंदाज ठोकत होती. पाच-सात दिवसांनी त्यांच्यातल्या काहींची पुन्हा चाचणी घेतली तेव्हा मात्र तेही बऱ्यापैकी जमू लागलं होतं.

या मुलांची तीक्ष्णता पूर्ण कधीच येत नाही. वर्षानुवर्षांची वंचना त्यांच्या नजरेवर कायमची मर्यादा घालते. पण वस्तू वेगळ्या काढणं, चालती वस्तू ओळखणं, गर्दीतून वाट काढणं हे ती शिकतात, दहा-बारा वर्षांच्या वयातही. सिन्हांच्या गटाने अशीही एक बाई अभ्यासली आहे, जिची शस्त्रक्रिया बाराव्या वर्षी झाली आणि वीस वर्षांनी तपासली तेव्हा तीक्ष्णता कमी असूनही रोजच्या बघण्याची बहुतेक कामं ती करत होती. पुस्तकी हिशेबाने बाराव्या वर्षी तिची शस्त्रक्रिया व्यर्थ ठरवली गेली असती.

त्याच गटाची आणखी एक कल्पना मला फार मोलाची वाटते. बाळाची नजर सुरुवातीला धूसर असते ती उणीव नसून सोय असावी. धूसर चित्रात बारकावे दिसत नाहीत, त्यामुळे मेंदूला चेहरा अख्खा, एकसंध वाचण्याची सवय लागते. मेंदूच्या धर्तीवर शिकणाऱ्या संगणकीय जाळ्यांना आधी धूसर आणि मग स्पष्ट चेहरे शिकवले, तर ती सुरुवातीपासून स्पष्ट चेहरे शिकलेल्या जाळ्यांपेक्षा सरस ठरली. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना हा धूसर टप्पा बाळाच्या क्रमाने मिळत नाही. चेहऱ्यांत ती अडखळतात त्याचं एक कारण हे असू शकतं, असं त्यांचं म्हणणं.

मग मोठेपणी मेंदू इतका हट्टी का होतो? संवेदनशील काळ आपोआप विझत नाही, मेंदू त्याला मुद्दाम लगाम घालतो. काही खास पेशी आजूबाजूच्या पेशींना शांत ठेवण्याचं काम करतात. त्या परिपक्व झाल्या की आधी हा काळ सुरू होतो आणि पुढे त्यांच्याभोवती साखर-प्रथिनांची जाळी विणली जाते, तेव्हा तो संपत येतो. २००२ साली इटलीतल्या शास्त्रज्ञांनी प्रौढ उंदरांमधली ही जाळी एका एन्झाइमने विरघळवली, तर मेंदूची वाटणी पुन्हा बदलता येऊ लागली. माणसांवर असा उपचार आज नाही. पण क्षमता नष्ट होत नाही, दाबली जाते, एवढं त्यातून कळतं. चांगला डोळा अपघाताने किंवा आजाराने गेलेल्या काही प्रौढांचा आळशी डोळा वयाच्या चाळिशी-पन्नाशीतही सुधारल्याच्या नोंदी आहेत.

तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडणारे आकडे अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका मोठ्या गटाने दिले आहेत. २००५ च्या अभ्यासात ७ ते १२ वर्षांच्या मुलांमध्ये चष्मा, पट्टी आणि चांगल्या डोळ्याला जवळचं धूसर करणारे थेंब असे पूर्ण उपचार मिळालेल्यांपैकी ५३ टक्के मुलं दोन किंवा जास्त ओळी सुधारली. नुसत्या चष्म्यावर २५ टक्के. १३ ते १७ वयात ज्यांना पूर्वी कधीच उपचार मिळाले नव्हते, त्यांच्यातही ४७ टक्के सुधारली, नुसत्या चष्म्यावर २०. तुमची मुलगी तर अजून सातचीही नाही. या वयाखालची मुलं याहून चांगला प्रतिसाद देतात. तिची नजर वाढेल असं मी मानून चालते. ६/६ होईलच असं वचन कुणी देऊ नये, मीही देत नाही.

"दोन तासांनी काय होणार" अशी शंका बऱ्याच घरांत येते. ६/१२ ते ६/२४ इतक्या मध्यम आळशीपणात रोज दोन तास आणि रोज सहा तास यांची तुलना झाली आहे, आणि चार महिन्यांनी फरक निघाला नाही. दोन तासच द्या, पण खरे द्या. प्रगती थांबली तर डॉक्टर तास वाढवतील. मनाने वाढवू नका, विशेषतः लहान मुलांमध्ये, कारण स्पर्धेचा तोच नियम उलटा लागू होऊन चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते. म्हणून दर वेळी दोन्ही डोळे तपासले जातात.

पट्टी चष्म्याच्या काचेवर नको, थेट कातडीवर चिकटवायची. काचेवर लावली की मुलं नाकाच्या बाजूने किंवा वरून डोकावतात, आणि इतकं सहज की आईलाही कळत नाही. मान वळवून, हनुवटी उचलून टीव्ही बघत असेल तर समजा की डोकावते आहे. उन्हाळ्यात घामाने पट्टी सुटते आणि कातडी लाल होते, तेव्हा एसीत किंवा पंख्याखाली सकाळची वेळ ठेवा आणि काढताना तेलाचं बोट फिरवून हळू काढा. पहिले आठ-दहा दिवस कठीण जातात, कारण तिची चांगली नजरच आपण काढून घेतो. ती रडेल, चिडेल, धडपडेल. त्या दोन तासांत जिन्यावर किंवा रस्त्यावर एकटी सोडू नका. शाळेत मुलं चिडवत असतील तर घरीच लावा. पट्टी मुळीच टिकत नसेल तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपीनचे थेंब हा पर्याय आहे. त्याने तो डोळा जवळचं धूसर बघतो, आणि सहा महिन्यांच्या हिशेबात परिणाम पट्टीच्या जवळपास येतो. थेंब डॉक्टरांनी सांगितले तरच, आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

पट्टीच्या वेळात मणी ओवणं, तांदूळ निवडणं, रांगोळीचे ठिपके जोडणं, चित्र रंगवणं असं जवळचं काम देण्याची पद्धत आहे. अभ्यासात जवळचं काम आणि लांबचं बघणं यांत फरक सापडला नाही. मी तरी जवळचं सुचवते, ते एवढ्यासाठी की मूल गुंततं आणि पट्टी विसरतं. तिला अंगणात चेंडू खेळायचा असेल तर खेळू द्या.

घरी एक गोष्ट दिसली तर गोंधळू नका. पट्टी लावून एखादं सुटं अक्षर मोठ्या कागदावर दाखवलं तर ती पटकन ओळखेल. तेच अक्षर, त्याच आकाराचं, ओळीत चार अक्षरांमध्ये ठेवलं की अडेल, शेजारचं वाचेल, गाळेल. ती चालढकल करत नाही. आळशी डोळ्याची हीच खूण आहे: शेजारशेजारची अक्षरं मेंदूला वेगळी काढता येत नाहीत. म्हणून तपासणी नेहमी पूर्ण ओळीवर व्हावी. सुट्या अक्षरांवर तपासलं की नजर आहे त्याहून चांगली भासते. आणि एक डोळा झाकताना बोटांच्या फटी नकोत, तळवाही नको, पट्टीच हवी. फटीतून वाचून कितीतरी मुलं शाळेच्या तपासणीत पास होतात, आणि निदान दोन-तीन वर्षं पुढे जातं. तुमच्या मुलीच्या शाळेत कुणीतरी हे नीट केलं, त्यांचे आभार माना.

नजर सुधारली की पट्टी एकदम सोडू नका. उपचार थांबल्यावर पहिल्या वर्षात चारातल्या एका मुलाची नजर थोडी मागे येते. तास हळूहळू कमी करत आणायचे. चष्मा मात्र चालूच राहील. दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रं दाखवून एकत्र वापरायला लावणारे खेळ आणि व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचे उपचारही आले आहेत. त्यातल्या एकाला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ साली चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी परवानगी दिली. परवडत असेल आणि डॉक्टर देत असतील तर हरकत नाही. पण परवडत नाही म्हणून खंत करू नका. पट्टी स्वस्त आहे आणि काम करते.

आता धाकटा. त्याला काळ्या-पांढऱ्या फ्लॅशकार्डांची गरज नाही. "मेंदू विकसित करणारे" म्हणून विकले जाणारे संच, त्यासाठीचे व्हिडिओ, यातलं काहीही विकत घेऊ नका. निरोगी डोळ्यांच्या बाळाला लागतो तेवढा अनुभव साधं घर देतं: माणसांचे चेहरे, खिडकीतला उजेड, पाळण्यावरचं चिमणाळं. चिमणाळ्याने बाळ तिरळं होतं ही भीती खोटी आहे. बाळंतिणीची खोली थोडी अंधारी असली तरी काही बिघडत नाही. काजळ मात्र डोळ्यात घालू नका. बाळाला जमिनीवर मोकळं सोडा, लोळू द्या, रांगू लागलं की रांगू द्या. १९६३ च्या एका प्रयोगात मांजरीच्या दोन पिल्लांना एकच दृश्य दाखवलं. एक स्वतः चालत होतं, दुसरं टोपलीत बसून त्याच्याबरोबर फिरत होतं. टोपलीतल्या पिल्लाला नंतर उंचीचा अंदाज येईना, समोर येणाऱ्या वस्तूपुढे डोळे मिटेनात. बघणं हात-पाय हलवत शिकायचं असतं, आणि मोबाइलसमोर बसवलेल्या बाळाला नेमकं तेच मिळत नाही.

पण त्याचे डोळे आत्ताच तपासून घ्या. बहिणीला आळशी डोळा आहे, तेव्हा त्याला धोका इतरांपेक्षा जास्त. बाळाला अक्षरं यावी लागत नाहीत. ड्रॉप टाकून बाहुली मोठी करतात आणि डोळ्यातून परत येणाऱ्या प्रकाशाची हालचाल बघून नंबर काढतात. पाच महिन्यांच्या बाळाने नजरेला नजर द्यायला हवी, खेळण्यामागे डोळे फिरवायला हवेत. पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळे अधूनमधून इकडेतिकडे गेले तर चालतं. त्यानंतर तिरळेपणा दिसला तर तो आपोआप जाईल म्हणून थांबू नका, आणि "तिरळं म्हणजे भाग्यवान" असं कुणी म्हटलं तरी थांबू नका. एक डोळा झाकल्यावर गप्प आणि दुसरा झाकल्यावर रडणं, डोळे सतत थरथरणं, पापणी बाहुलीवर उतरलेली असणं, ही सगळी तातडीने दाखवायची लक्षणं. फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी दिसली, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तो मोतीबिंदू असू शकतो किंवा डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, आणि दोन्हींत आठवड्यांचा हिशेब असतो. एका डोळ्याच्या जन्मजात दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहा आठवड्यांच्या आत व्हावी असं आम्ही बघतो. त्यानंतर मिळणारी नजर उतरत जाते. बाळ वेळेआधी जन्मलं असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर पडद्याची तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हायला हवी होती. झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, आणि त्यात जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे या दोन्हींचा समावेश आहे. आशाताईंना विचारा, त्या पुढचा रस्ता सांगतील.

मुलीची पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी ठेवा आणि त्याच वेळी धाकट्याला बरोबर न्या.